रविवारी मशीनवर कोण बसणार

कुशिऱ्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली समोरून आली, तशा दोघी जावा रस्त्याच्या दोन कडांना झाल्या. ट्रॉली गेली, धुरळा बसला, तरी त्या परत जवळ आल्या नाहीत. थोरली बनाबाई डाव्या कडेनं चालत राहिली, धाकटी संयोगिता उजव्या. मधनं जोतिबाला निघालेले खेटेकरी चालले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं दोघींच्या सारख्याच हिरव्या साड्यांकडं बघितलं आणि विचारलं, "काय पावणं, एकाच घरातल्या का?"

"घर एकच हाय," संयोगिता म्हणाली. "दारं दोन हाईत."

"आन् ह्या बोलत का न्हाईत?"

"सहा वर्सं झाली न्हाईत बोलत. देवासंगं बोलत असतील तर मला म्हाईत न्हाय."

म्हातारा हसून पुढं गेला. बनाबाईनं पदर कपाळावर ओढला आणि पाय उचलला. देवाशी ती बोलायची, रोज बोलायची. दिवा लावताना, धार काढताना, भाकरी थापताना. पण गेले तीन रविवार जोतिबासमोर हात जोडले की तिची जीभ अडायची. त्याचं कारण तिच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं होतं.

उद्या सोमवार होता. उद्या पाचच्या आत संयोगिताला कॉलेजात नाव घालायचं होतं, आणि त्यासाठी दर रविवारी सकाळी गावच्या दूध संस्थेत तिच्या जागी मशीनवर बसणारं माणूस हवं होतं. माणूस नसलं तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नसलं तर जूनपासून मशीनही नाही. गावातल्या अकरा जणांनी तिला नाही म्हणून सांगितलं होतं. बनाबाईला हे सगळं माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ऐकून तिला बरं वाटलं होतं.

पाच रविवार पायी जोतिबाला जायचं, त्याला खेटे म्हणतात; हा पाचवा खेटा, शेवटचा. नवस दोघींपैकी कुणाचाच नव्हता. सासू धोंडुबाई पावसाळ्यात गोठ्यात घसरली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला आत नेताना तिनं हात जोडले, "देवा, पायावर हुबी ऱ्हायलो तर माझ्या दोन्ही सुना जोडीनं पाच खेटे घालतील. उंबऱ्यापासनं उंबऱ्यापतोर." म्हातारी काठी टेकत का होईना उभी राहिली, आणि पाय झिजवायची पाळी सुनांवर आली.

"नवस बोलायला जीभ तुमची आन् चालायला पाय आमचे व्हय, आत्ती?" संयोगिता म्हणाली होती.

"सहा वर्सं तोंडं बंद हाईत तुमची," म्हातारी म्हणाली, "पाय तरी चालू द्यात."

म्हणून उचगावच्या पलीकडच्या आपल्या गावातनं पहाटेच निघायचं, पंचगंगा ओलांडून वडणग्यावरनं डोंगराची वाट धरायची, दर्शन घेऊन एसटीनं कोल्हापूरला उतरायचं आणि दोघींनी एकदमच उंबऱ्यात पाय ठेवायचा. मधे एकीनं कुठं वळायचं म्हटलं तर दुसरीला मागं जावंच लागायचं. नवस तसाच बोललेला होता.

संयोगिता शिरोळकडची. बारावीला शाळेत पहिली आलेली, आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. त्या साली कृष्णेचं पाणी घरात शिरलं ते आठ दिवस हटलं नाही. वह्या, पुस्तकं, कॉलेजचे कागद, सगळ्याचा चिखल झाला. छावणीतनं घरी आल्यावर बापानं भिंती धुतल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न उरकून टाकलं. नवरा जोतीराम, बनाबाईचा धाकटा दीर, फौंड्रीत कामाला. सरळ माणूस, चार शब्दांत दिवस काढणारा. बायकोला मात्र प्रत्येक गोष्टीचं माप लागायचं. भाताला पाणी वाटीनं, चहाला साखर चमच्यानं. "अंदाजानं घातलं तर चूक कुठं झाली ते सापडत न्हाय," असं ती लग्नानंतर पंधरा दिवसांत थोरल्या जावेला म्हणाली होती. बनाबाईचा सगळा संसार अंदाजावर चाललेला, आणि उत्तम चाललेला. तिच्या काळजात ते तेव्हाच रुतलं.

दूध संस्थेत कंप्युटर आला तेव्हा त्याच्यापुढं बसायला कुणी धजेना. संयोगिता बसली. चौदा वर्षं झाली. उत्पादकानं नंबर सांगायचा, दूध ओतायचं. वजन, फॅट, दुधातलं पाणी पकडणारी डिग्री, सगळं मशीनमधनं कंप्युटरला जातं आणि चिठ्ठी बाहेर येते. यात माणसाचं काम काय, असं लोकांना वाटे. काम असं, की चिठ्ठी खोटी ठरवायला लोक तोंडाशी यायचे आणि ती हलायची नाही. सरपंचाच्या म्हशीला साडेसहा म्हणजे साडेसहा. तिला पाठीमागं "काटेवाली" म्हणत, तोंडावर "वैनी".

आणि मग तो दिवस आला. थोरला दीर बाळासो, बनाबाईचा नवरा, सकाळी कॅन घेऊन गेला. नंबर एकशे बारा. दूध ओतलं, मशीननं डिग्री कमी दाखवली. संयोगितानं परत लावून बघितलं, तीच. बाहेर वीस माणसं रांगेत उभी. तिनं तिच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "भावजी, पाणी हाय. दूध परत न्या."

बस, एवढंच. पण बाळासो भरला कॅन उचलून त्या वीस जणांमधनं बाहेर आला, आणि कुणीतरी मागनं म्हणालं, "पाणीवाले बाळासो आलं, वाट सोडा!" ते नाव चिकटलं. बाळासोनं संस्थेची पायरी पुन्हा चढायची नाही अशी शपथ घेतली. घराच्या मधे भिंत आली, दारं दोन झाली.

बनाबाईनं त्या दिवशी रस्त्यात उभं राहून गावभर ऐकू जाईल असं म्हटलं, "आमची पिढी गेली दूध घालण्यात! मशीन बिघडलंय, न्हायतर मशीनवरची नियत बिघडलीया!" ते तिचे संयोगिताला उद्देशून शेवटचे शब्द.

दुपारी भांडी घासताना मात्र तिच्या हातातनं चरवी निसटली. धार काढून दूध कॅनमध्ये ओतलं की चरवीला कडेकडेनं दूध राहतं. तिच्या आईनं तिला लहानपणी शिकवलं होतं, दूध म्हणजे लक्ष्मी, मोरीत जाऊ द्यायचं नाही. चरवीत भांडंभर पाणी घालायचं, विसळायची आणि ते कॅनमध्येच ओतायचं. आजीही तेच करायची. रोज एवढंसं पाणी खपून जायचं. त्या दिवशी म्हैस नीट पान्हावली नव्हती, दूध कमी होतं, आणि चरव्या दोन होत्या.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही. चरवीत पाणी घालणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं. आणि जितकं ते आतल्या आत बोचायचं, तितकी ती धाकटीवर जास्त जळायची.

बाळासोच्या शपथेमुळं कॅन घेऊन आता तिला जावं लागे. सकाळ-संध्याकाळ, सहा वर्षं. कॅन ठेवायचा. संयोगिता न बघताच "एकशे बारा" म्हणायची. दूध ओतायचं. चिठ्ठी फाडून टेबलावर, हातात नाही. उचलायची आणि यायचं. घरी आल्यावर बनाबाई ती चिठ्ठी खुंटीच्या तारेत ओवायची. एकही चिठ्ठी टाकली नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून कालची आणि आजची जोडून बघायची. तिला एकच हवं होतं, शिरोळकरणीची चूक. एक दिवस ती सापडेल आणि आपण वीस माणसांसमोर ती तिच्या तोंडावर मारू.

दोन वर्षांपूर्वी सापडली. लागोपाठ आठ चिठ्ठ्यांत फॅट दोन दशांशानं खाली. म्हैस तीच, वैरण तीच, पेंड तीच. बनाबाईनं तारच उचलली, संस्थेत गेली, आणि शब्द न बोलता टेबलावर आपटली. आठव्या चिठ्ठीवर बोट ठेवून उभी राहिली. रांगेतली माणसं माना उंच करून बघायला लागली. संयोगितानं आठ आकडे वाचले. उठली, शटर अर्धं ओढलं, मशीन औषधाच्या पाण्यानं धुऊन काढलं आणि पुन्हा दूध लावलं. दोन दशांश वर आले.

"मशीन घाण झालतं," तिनं रांगेला सांगितलं. "चार दिवसांचं सगळ्यांचं दुरुस्त करून मिळंल. चूक माझी. धुयाचं ऱ्हायलं."

एवढ्या सहज कबूल करून टाकलं, की बनाबाईला जिंकल्यासारखं वाटायच्या ऐवजी रागच आला. चार वर्षं जिची वाट बघितली ती चूक, आणि या बाईनं ती खरकटं झाडून टाकावं तशी टाकली!

खेटे सुरू झाले, तेव्हा रविवार सकाळचा प्रश्न आला. चेअरमन पिराजी म्हणाला, "आमचा अमरसिंह बसंल की." अमरसिंह म्हणजे त्याचा पुतण्या, केस वर उभे केलेला, हातात दोन फोन, आणि कंप्युटरची कसलीशी पदविका असलेला. पहिल्या खेट्याच्या दिवशी गाव खूश. कुणाला पाव, कुणाला अर्धा पॉइंट जास्त. दुसऱ्या रविवारी आणखी खूश. तो मशीनचा आकडा बाजूला ठेवून हातानं टाकायचा, हे उघड होतं. पण आपल्या ताटात तूप जास्त पडलं म्हणून कोण वाढप्याचा हात धरतो? लोक सोमवारी संयोगिताला म्हणायचे, "वैनी, तुम्ही पाच न्हाय, पंचवीस खेटे घाला! तुम्ही गेल्या की म्हशी मोकळ्या मनानं दूध देत्यात."

"टँकरला सगळ्या गावाचं एकत्र मोजत्यात," ती म्हणायची. "तिथं तुमच्या म्हशीचं मन कोण बघत न्हाय. तूट पडंल तवा या माझ्याकडं."

बनाबाई खेट्याला गेली की कॅन शेजारचं पोरगं नेऊन घालायचं; तिच्या म्हशीलाही रविवारी सात-चार फॅट लागलं. शनिवारी सहा-नऊ, सोमवारी सहा-नऊ. पहिल्यांदा ती मनात म्हणाली, बघा, खरं माप आत्ता मिळालं. चिठ्ठी तारेत ओवायला गेली आणि हात थांबला. शेवटी तिनं ती उलटी ओवली, कोरी बाजू वर. पुढच्या रविवारचीही उलटी.

मग संस्थेचा ठराव आला. जूनपासून मशीनवर बसणाऱ्याकडं कंप्युटरची पदविका पाहिजे, निदान शिकायला नाव घातल्याचा कागद तरी. ठराव कुणासाठी केला ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. संयोगिता कुणाशी भांडली नाही. दुसऱ्या खेट्याहून परतताना स्टँडवर उतरली आणि सरळ समोरच्या काचेच्या दुकानात शिरली. "सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट!" बाहेर फलक. दोघींच्या कपाळाला गुलाल, पाय अनवाणी. टाय लावलेला पोरगा खुर्चीतनं अर्धा उठला, "मुलीसाठी का, मावशी? शंभर टक्के नोकरी!"

"नोकरी हाय मला. टिकवायला आलोय. एक इचारतो, त्याचं उत्तर द्या. एका बाईची म्हस हाय. सोमवार ते शनिवार सहा-नऊ फॅट आन् रविवारीच सात-चार. कंप्युटर म्हणतोय दोन्ही बरोबर. चूक कुठं हाय ते शोधायला शिकवता का?"

बनाबाई मागं उभी होती. आपल्या म्हशीचे आकडे परक्या माणसापुढं ऐकून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिथं कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड होतं. त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "काय लोकांस्नी दुसऱ्याची म्हस चव्हाट्यावर आणून बांधायची लई हौस!"

पोरगा म्हणाला, "तसलं शोधायला लागत नाही, सॉफ्टवेअर सगळं बरोबर करतं."

"सॉफ्टवेअरनं म्हस बघितलीया का कवा?" संयोगिता म्हणाली आणि बाहेर पडली.

तिसऱ्या खेट्याला कॉलेज. रविवारचे वर्ग चालतात म्हणून तेही उघडं होतं. खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरनं बघितलं. "तीन वर्षांचं बीसीए आहे, रोज अकरा ते पाच. एक वर्षाची डेटा प्रोसेसिंगची पदविका आहे, फक्त रविवारी. वय?"

"चाळीस."

"बाई, आता हे कशाला? सून आणायच्या वयात—"

"तुम्ही ह्या खिडकीत किती वर्सं हाईसा?"

"बावीस."

"तुम्हाला कोण इचारलं का, आता कशाला?"

त्यानं दोन्ही पत्रकं खिडकीतनं ढकलली. "डिग्री ती डिग्री असते. पदविका आपली ऑपरेटर लोकांसाठी," एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

बनाबाई बाकावर बसून बघत होती. संयोगिताचं बोट बीसीएच्या पत्रकावर फार वेळ राहिलं. 'पदवी' या शब्दाखाली. शिरोळच्या चिखलात गेलेली ती हीच. बनाबाईला ते कळलं, आणि कळलं याचाच तिला वैताग आला. तेवढ्यात वर्ग सुटला. नुजहत मॅडम म्हणून शिकवणाऱ्या बाई बाहेर आल्या, डोक्यावर ओढणी, हाताला खडू. संयोगितानं त्यांना गाठलं आणि म्हशीचा तोच प्रश्न घातला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आकडे परत विचारून घेतले. "मशीन किंवा माणूस, दोघांतलं कुणीतरी चुकतंय. पण एकाच नोंदीकडं बघून ते कधीच कळणार नाही. दुसऱ्या कुणीतरी, वेगळ्या हातानं ठेवलेली नोंद पाहिजे. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि ताडायच्या. आमचा पहिला महिना त्यातच जातो. तुमच्याकडं आहे तशी नोंद?"

"माझ्याकडं न्हाय," संयोगिता म्हणाली. मान वळवली नाही, पण बनाबाईला पाठीवर कुणी बोट ठेवल्यासारखं झालं.

"हे रविवारच्या पदविकेत शिकवता का बीसीएत?"

"मी रविवारीच असते."

संपलं. निवड तिथंच झाली. एसटीत बसल्यावर संयोगितानं बीसीएचं पत्रक मांडीवर उलगडलं, एकदा वाचलं, आणि आत्तीसाठी आणलेल्या गुलालाची त्यात पुडी बांधली. घट्ट, चारी कोपरे दुमडून. खिडकीतनं बाहेर बघत राहिली. 

पिराजीनं मग शेवटची मेख मारली. भर संस्थेत, संध्याकाळच्या रांगेसमोर. "शीक की बाई, कोण नगं म्हणतंय? रविवारी माणूस दे आन् जा. पर एक, माणूस तुझ्या मर्जीतला नगं. उद्या कोण म्हणायला नगं, काटेवालीनं आपलाच माणूस चिकटवला. उत्पादकांनी नाव ठेवलं की तू घरी."

"काकू, कशाला डोक्याला ताप?" अमरसिंह खुर्ची फिरवत म्हणाला. "मी हाय की रविवारी. निवांत शिका. परत यायची बी गडबड नगं!"

रांग हसली. बनाबाई कॅन घेऊन रांगेतच होती. तीही हसली. हसताना तिला तारेतल्या उलट्या चिठ्ठ्या आठवल्या आणि हसू मधेच कुठंतरी अडकलं.

आता गायमुख आलं. इथनं पुढं उभा चढ. खेटेकरी इथं टेकतात, पाणी पितात, भाकरी सोडतात. संयोगिता एका दगडावर बसली. बनाबाई चार दगड सोडून. ऊन चढायला लागलं होतं. वरनं हलगीचा आवाज येत होता, चांगभलं ऐकू येत होतं. संयोगितानं भाकरीवर खर्डा घेतला, एक घास खाल्ला आणि समोर बघत, भाकरीलाच विचारावं तसं विचारलं, "रविवारच्या चिठ्ठ्या उलट्या का ओवल्यासा, आक्का?"

बनाबाईनं हातातला घास परत ठेवला. परवा ही आत्तीच्या पायाला तेल लावायला आली होती. सोप्यातनं स्वयंपाकघर दिसतं.

"माझ्या खुंटीवर नजर टाकायला आलतीस व्हय?" बनाबाई म्हणाली.

सहा वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य. दोघींनाही ते कळलं. दोघींनीही कळल्याचं दाखवलं नाही.

"खुंटी दिसती. डोळं झाकून तेल लावत न्हाय मी. का उलट्या?"

"माझी म्हस, माझी चिठ्ठी, माझी तार. उलटी ओवीन न्हायतर जाळीन!"

"जाळली न्हाईसा."

बनाबाईनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. पदरानं हनुवटी पुसली. "खोट्या हाईत म्हणून," ती म्हणाली. "सहा-नऊची म्हस रविवारी सात-चारची हुती का? देवाच्या दारात चालत निघायचं आन् घरात खोटा कागद सुलटा लावायचा? एवढी न्हाय बुडालो अजून. पर तू लई हुरळू नगंस. तुझ्यापायी न्हाय केलं ते."

"माझ्यापायी तुम्ही कायबी करणार न्हाईसा, एवढं म्हाईत हाय मला."

"मग इचारतीस कशाला? आमच्या माणसाला चारचौघांत पाणीवाला केलंस. सहा वर्सं तोंड लपवून जगतोय त्यो. जरा आत बोलावून, हळू सांगितलं असतंस तर तुझी जीभ झडली असती?"

"हळू सांगाय पायजे हुतं," संयोगिता म्हणाली.

बनाबाई भांडायला पुढं सरसावली होती, आणि समोरची भिंत एकदम बाजूला झाली. तोल गेल्यासारखं तिच्या तोंडातनं निघून गेलं, "चरवी विसळून वतलेलं पाणी हुतं ते! आम्ही काय तांब्यानं घालत न्हवतो. दूध मोरीत टाकायचं नसतंय. आई शिकवलीया."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"त्याच सांजंला कळलं. पाणी घालणारा एवढं कमी घालत न्हाय. आन् दुसऱ्या दिवसापासनं तुमची डिग्री कवा हलली न्हाय. एक दिस बी न्हाय. चरवीचं पाणी बंद झालं की आकडाच सांगतोय."

"मग बोलली का न्हाईस गावात?"

"तुम्ही का न्हाई बोललासा घरात?"

 एक बाई लेकराला कडेवर घेऊन त्यांच्या मधनं गेली, पाठोपाठ दोन पोरं शर्यत लावत चढाला लागली. संयोगितानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग उठून ती चार दगड ओलांडून आली आणि बनाबाईच्या समोर उभी राहिली. बसली नाही. आवाज तोच, रांगेला ऐकू जाणारा.

"आक्का, अकरा जणांच्या दारात गेलतो. सगळी न्हाय म्हणाली. बरं झालं. त्यातला कोण बी बसला असता तरी मला भ्या वाटलं असतं. गावात माझ्यावर सगळ्यात जास्त कोण जळतंय, तर तुम्ही. चेअरमन नगं म्हणू शकत न्हाय, तुम्ही माझ्या मर्जीतल्या हाईसा असं अख्ख्या गावात कोण बोलंल? आन् चिठ्ठी वाचायची तुमच्याइतकी कुणाला येत न्हाय. बटणं चारच हाईत, आज सांजंला दावतो. उद्या माझ्यासंगं चेअरमनच्या कागदावर सही करा आन् पाडव्याच्या पुढल्या रविवारपासनं मशीनवर बसा. उपकार म्हणून नगं. मला बोलला न्हाईसा तरी चालंल. एवढंच करा, मशीन जे म्हणंल ते लिवा, कुणाला बी अर्धा पॉइंट सोडू नगासा. शेजारचं पोरगं खेट्यापुरतंच हुतं, तुम्ही आत बसलासा की तुमचा कॅन घिऊन भावजीच येणार. शपथ मोडून, पायरी चढून, वीस माणसांत. त्यांचं बी तसंच लावा. आन् चरवीचं पाणी निघालं, तर दूध परत द्या त्यांच्या हातात. फकस्त हळू सांगा, आक्का."